मास्तरांचा चोरखिसा

शिंपी मास्तरांनी आयुष्यभर गावाच्या कमरा मोजल्या, पण स्वतःच्या कमरेला दुसऱ्याची टेप कधी लागू दिली नाही. आपली पँट आपण कापायची, आपण शिवायची आणि इस्त्रीही आपणच करायची. घडी अशी कडक, की रस्त्याने जाताना लोक एकमेकांना विचारायचे, हे मास्तर बसतात तरी कधी? आता अशा माणसाच्या पायाला डॉक्टरांनी प्लास्टिकची पिशवी बांधली, म्हणजे काय आभाळ कोसळलं असेल याचा विचार करा.

झालं असं, की एका सकाळी मास्तरांची लघवी अडली. पाणी कमी पडलं असेल म्हणून त्यांनी दोन मोठे पेले पाणी ढोसलं, म्हणजे आगीत तेलच. दुपारपर्यंत ते कापायच्या टेबलावर ओणवे होऊन कण्हत होते. बायकोने दुकानाचं शटर ओढलं, त्यांना रिक्षात घातलं आणि थेट दवाखाना गाठला. तिथल्या सिस्टरने खूप खटपटीने एक नळी घातली, आणि पाचच मिनिटांत मास्तरांच्या चेहऱ्यावर असं सुख पसरलं, की लग्नाच्या दिवशीसुद्धा पसरलं नव्हतं. हे बायकोनेच नंतर सगळ्यांना सांगितलं.

"सिस्टर, तुमच्या मुलाच्या लग्नाचा कोट माझ्याकडून," मास्तर डोळे मिटून म्हणाले.

"मुलगा दुसरीत आहे. कापड घेऊन ठेवू नका."

सुख तासभर टिकलं. मग डॉक्टर येऊन म्हणाले, प्रोस्टेटची गाठ वाढली आहे, ऑपरेशन करावं लागेल, नंबर दोन महिन्यांनी लागेल, तोवर नळी आणि पिशवी राहील. मास्तर ताडकन उठून बसले. तीन आठवड्यांनी तर चिमीची पहिली फेरी होती!

चिमी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. चार वर्षांची असल्यापासून तिला शिलाई मशीनच्या चाकाचं वेड. मास्तर जेवायला उठले, की ही स्टुलावर चढायची, दोन्ही हातांनी चाक गरागरा फिरवायची आणि तोंडाने "पों, पों!" करत सगळं दुकान घाटातून खाली उतरवायची. दोरा तुटायचा, सुई मोडायची, आणि मास्तर आतून ओरडायचे, "चिमे, हात लावू नकोस!" पण एकदा लाडात येऊन ते बोलून गेले होते, की ज्या दिवशी तू खरी गाडी चालवशील, त्या दिवशी तुझ्या मागच्या पहिल्या सीटवर मी बसणार. बोलताना काय जातंय! पोरीने ते मनावर घेतलं. अठ्ठाविसाव्या वर्षी ती लांब पल्ल्याच्या बसची ड्रायव्हर झाली. तिच्या डेपोची जुनी रीत अशी, की ड्रायव्हरच्या पहिल्या फेरीला त्याच्या पाठीमागची दोन सीटं घरच्यांसाठी राखून ठेवायची. सीटं राखलेली होती. चिमीचा खाकी शर्ट मास्तरांनी स्वतः शिवून पाठवला होता.

"सिस्टर, हे काढून दुसरं काहीतरी बसवा," मास्तर म्हणाले. "न दिसणारं."

सिस्टर हसली. ट्रे घेऊन आली आणि कापडाच्या दुकानात ताग्यामागून तागा उलगडावा तशा तिने नळ्या समोर मांडल्या. ही बारीक, सरळ: दिवसातून चार-पाच वेळा आपली आपण घालायची, मूत्राशय रिकामं झालं की काढून टाकायची. ज्यांना जमतं त्यांना सगळ्यात सुटसुटीत. "पण तुमचा रस्ता त्या गाठीनं अरुंद केलाय. मगाशी घालताना मलाच घाम फुटला. घरी तुम्ही असली कारागिरी करायची नाही." ही मोज्यासारखी: आत जातच नाही, बाहेरून चढवायची. "ज्यांची गळते त्यांच्यासाठी. तुमची अडते." ही बेंबीच्या खाली लहानसं भोक पाडून थेट आत सोडायची: ज्यांना खालून वाटच नाही, किंवा वर्षानुवर्षं नळी लागणार आहे, त्यांना. आणि ही तीन तोंडांची: ऑपरेशननंतर आत पाणी सोडून रक्ताच्या गुठळ्या धुऊन काढायला. "हिची आणि तुमची गाठ दोन महिन्यांनी पडेल."

"आणि मला घातलीय ती?"

"तिच्या टोकाला फुगा असतो. आत गेली की फुग्यात थोडं पाणी भरायचं, म्हणजे निसटून बाहेर येत नाही."

"दोऱ्याला गाठ मारतो तसं," मास्तर म्हणाले. धंद्याची गोष्ट निघाली की त्यांना दुखणं आठवत नसे. "नंबर कितीचा?"

"सोळा."

"वा! जाड कापडाला आम्हीसुद्धा सोळाचीच सुई लावतो."

यानंतर सिस्टरने बऱ्याच सूचना दिल्या. भरपूर पाणी प्या, हात धुतल्याशिवाय नळीला हात लावू नका, नळीला पीळ पडू देऊ नका, पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली ठेवा, पूर्ण भरायच्या आत रिकामी करा. मास्तर प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. कापड आटेल, आधी भिजवून आणा, असं सांगितलं की त्यांची गिऱ्हाइकं डोलवायची, अगदी तशी.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला शपथ घातली, चिमीला यातलं अक्षर कळता कामा नये. आणि रोज फोनवर ते लेकीला नवी सबब सांगू लागले. दुकानात गर्दी आहे. कंबर धरलीय. सहा तास बसवणार नाही गं. एक दिवस चिमीने सबब मध्येच तोडली.

"बाबा, खरं सांगा. मी चालवतेय म्हणून भीती वाटते ना तुम्हाला?"

हो म्हणावं तर ती शुद्ध थाप होती, आणि नाही म्हणावं तर मग खरं कारण काय ते सांगणं आलं. मास्तर टेपची गुंडाळी करत राहिले. चिमीने "बरं" म्हणून फोन ठेवला. ते "बरं" ऐकल्यावर मास्तरांना सुईत दोरा ओवायला तीन खेपा लागल्या.

बायको दारातून सगळं ऐकत होती. तिने हातातला टॉवेल खुर्चीवर आपटला. "पोरगी चाळीस माणसं घेऊन घाट चढायला निघालीय, आणि बाप एवढ्याशा पिशवीत तोंड लपवून बसलाय! लाज कशाची वाटते हो? लघवीची? ती राजालाही होते."

"राजाची पँटमधून दिसत नाही," मास्तर पुटपुटले. पण त्याच संध्याकाळी त्यांनी कात्री काढली.

पिशवी दिसू नये आणि पँटची घडीही मोडू नये, हा पेच होता. पायाला बांधली तर पोटरीपाशी फुगवटा येणार. विचार करकरून मास्तरांना युक्ती सुचली: कोटाच्या आत, डाव्या बगलेच्या जरा खाली, अस्तरात चोरखिसा! नळी कमरेवरून वर घ्यायची, पिशवी बरगडीशी सपाट बसवायची. त्यांनी बारीक टीप घातली, कडेला गोट लावला, दोन दिवस खपले. रविवारी कोट घालून ते बायकोबरोबर बाजारातून ऐटीत फिरून आले. न्हावी भेटला, वाणी भेटला, कुणाला म्हणून संशय आला नाही. मास्तरांचं पाऊल जमिनीवर ठरत नव्हतं.

घरी येईपर्यंत मात्र पोट तट्ट फुगलं. कोट उघडून बघतात तर पिशवी कोरडी ठणठणीत. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. नळी तुंबली, आता सगळं संपलं, असं म्हणत ते दवाखान्यात पोचले. सिस्टरने आधी पोटावर हात ठेवला, मग नळी शोधत शोधत वर गेली, कोटाची बटणं सोडली आणि थबकली.

"मास्तर, हे काय?"

"चोरखिसा," मास्तर कण्हत म्हणाले. "फिटिंग बघा ना कसं बसलंय."

"फिटिंग झकास आहे हो! पण पाणी कधी डोंगर चढतं का?" तिने पिशवी खिशातून काढून गुडघ्याच्या खाली धरली. नळीतून धार लागली, पिशवी भरू लागली आणि मास्तरांच्या चेहऱ्यावर ते जुनं सुख परत आलं. "खाली म्हटलं होतं ना मी? वर ठेवली की आतली बाहेर येत नाही, बाहेरची उलटी आत जाते. मग ताप, थंडी, सगळं आलं. नशीब लवकर आलात." मग तिने कोट उजेडात धरून अस्तरावरून बोट फिरवलं. "एवढी सफाईदार शिवण या वॉर्डाने बघितली नाही. आता हीच अक्कल गुडघ्याखाली लावा."

अक्कल गुडघ्यात असते असं मास्तर उभ्या जन्मात दुसऱ्यांना म्हणत आले होते. आज त्यांनी मुकाट्याने घरची वाट धरली.

नवी पँट त्यांनी मुळापासून कापली. पायाचा घेर दोन बोटं वाढवला, कापड जाड घेतलं. डाव्या पोटरीपाशी आतून जाळीच्या कापडाचा खिसा, नळीला पीळ पडू नये म्हणून मांडीवर सैल पट्टी, आणि बाजूच्या शिवणीत, तळाशी, बोटभर चेन, म्हणजे वाकून पिशवीची तोटी उघडता येईल. घडीची रेघ मात्र जागची हलू दिली नाही. बायकोने त्यांना खोलीतून आठ फेऱ्या मारायला लावल्या, खुर्चीवर बसवलं, उठवलं, पाण्यावर पाणी पाजलं. पिशवी इमानदारीत भरत राहिली.

पहिल्या फेरीच्या सकाळी दोघं न कळवता डेपोत हजर झाले. चिमी खाकी शर्टात टायरावर हातोडी मारून आवाज ऐकत होती. वडिलांना पाहून तिचा चेहरा उजळला आणि लगेच आखडला.

"आलात? भीती नाही वाटत?"

"तू दुकान घाटातून उतरवायचीस तेव्हा नाही वाटली," मास्तर म्हणाले. खरं सांगायची हीच वेळ होती. पण समोर कंडक्टर उभा, प्रवासी उभे, आणि मास्तरांनी नुसती तिची कॉलर सरळ केली. ती वळून गाडीत चढली, आणि तिच्या पाठमोऱ्या खांद्यांवरून मास्तरांना कळलं, की पोरगी अजून दुखावलेलीच आहे.

पण गाडी सुरू झाली आणि मास्तर सगळं विसरले. काय हात होता पोरीचा! बाहीच्या मुंढ्याचा गोल एका दमात कापावा, तशी ती वळणं घेत होती. कुठे हिसका नाही की धक्का नाही. मास्तर बायकोला कोपराने ढोसून ढोसून दाखवत होते, आणि बायको "दिसतंय हो मला, आंधळी नाही मी" म्हणत डोळे पुसत होती. मधल्या थांब्यावर सगळ्यांनी पोटभर चहा घेतला. मास्तरांनी आडोशाला जाऊन पिशवी रिकामी केली, हात स्वच्छ धुतले आणि सिस्टरची आठवण काढून दोन पेले पाणी प्यायले.

घाटमाथ्यावरच्या लांबलचक बोगद्यात गाडी शिरली आणि थांबली. पुढे एक मालट्रक आडवा होऊन बंद पडला होता. मागून गाड्यांची रांग लागली. पिवळ्या जाकिटातला पहारेकरी काचेवर टकटक करून सांगून गेला: क्रेन येतेय, पण बोगद्यात कुणीही खाली उतरायचं नाही, सक्त मनाई आहे.

पहिला अर्धा तास गप्पांत गेला. तासाभराने गप्पा बंद पडल्या. दीड तासाने चाळीस माणसांनी पायावर पाय घेतला होता. कुणी छताकडे बघत होतं, कुणी ओठ चावत होतं, एक आजीबाई डोळे मिटून आकडे मोजत होत्या. कंडक्टर उभ्या उभ्या एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होता. पोटातला चहा आता सगळ्यांवर सूड उगवत होता.

शेवटी तिसऱ्या रांगेतल्या टोपीवाल्या गृहस्थांचा धीर सुटला. "बाईच्या हातात गाडी दिली की हे असं होतं! जुना ड्रायव्हर असता तर खालच्या रस्त्याने नेली असती!"

"खालचा रस्ता कालपासून बंद आहे," कंडक्टर म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता, सगळा जोर दुसरीकडे लागला होता. मागून आणखी दोघांनी टोपीवाल्यांची री ओढली.

चिमीने नजर पुढच्या गाडीवरून हलवली नाही. मास्तरांना तिच्या शर्टाची कॉलर दिसत होती, त्यांनीच शिवलेली, आणि कॉलरच्या वर लाल झालेली मान. स्टिअरिंगवर तिची बोटं पांढरी पडली होती. पहिली फेरी, आणि हिला आयुष्यभर आठवणार काय, तर हे? मास्तर उठून उभे राहिले. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, ती काय ते समजली आणि तिने वाट करून दिली.

"मंडळी," मास्तर खणखणीत आवाजात म्हणाले, "मी या ड्रायव्हरचा बाप. धंद्याने शिंपी. या गाडीत आत्ता एकच माणूस सुखात आहे, तो मी. का ते बघायचंय?"

आणि ज्या माणसाने तीन आठवडे सख्ख्या लेकीपासून लपवलं, त्याने चाळीस परक्यांसमोर सीटवर पाय ठेवला, चेन उघडली आणि पँटचा पाय वर केला.

बसमधल्या सगळ्या माना एकदम वळल्या. मग आजीबाईंनी एक डोळा उघडला. "अगं बाई! म्हणजे तुम्ही मघापासून..."

"मघापासून काय, चहा घेतल्यापासून! तुम्ही सगळे कळ काढताय आणि माझं आपलं निवांत चाललंय!"

हसण्याचा असा लोंढा आला की विचारू नका. लोक हसत होते आणि हसताना आणखी घट्ट दुमडत होते. "हसवू नका हो मास्तर! पाया पडतो, हसवू नका!" पण मास्तर आता ऐकतात कसले? त्यांनी सिस्टरचा सगळा ट्रे बसमध्ये मांडला. फुग्याची, मोज्याची, बेंबीखालची, तीन तोंडांची, प्रत्येकीचं काम काय आणि ती कुणाला लागते ते सांगितलं. वर चोरखिशाची फजितीही सांगितली, अगदी "पाणी डोंगर चढतं का" सकट.

टोपीवाल्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मास्तर," ते कसेबसे म्हणाले, "जादाची आहे का हो एखादी?"

"आहे ना! पण सोळा नंबर. तुम्हाला बसेल की नाही, ते माप घेतल्याशिवाय सांगता येत नाही!"

या हास्यकल्लोळात पुढची गाडी हलली. चिमीने गियर टाकला. आरशात मास्तरांना तिचे डोळे दिसले, ते हसतही होते आणि भरलेही होते, आणि रस्त्यावरून मात्र हटत नव्हते.

बोगद्याबाहेरच्या पहिल्याच पेट्रोलपंपावर तिने गाडी घेतली. दार उघडलं आणि अर्ध्या मिनिटात बस रिकामी झाली. आजीबाई सगळ्यांच्या पुढे होत्या. मास्तरांची बायकोसुद्धा "आलेच" म्हणून धावली. गाडीत बाप आणि लेक उरले.

"म्हणून येत नव्हता?" चिमीने विचारलं.

"म्हणून."

"आणि मी काय समजत होते, सगळा डेपो मला ड्रायव्हर म्हणतो, एकटा माझा बाप म्हणत नाही."

मास्तरांनी पँटची घडी उगाचच सरळ केली. "चुकलं माझं, चिमे," ते म्हणाले.

ती त्यांच्या पायाशी बसली, चेन नीट लागली आहे ना ते बघितलं आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. "टीप कुठून घातलीय तेच दिसत नाही."

"दिसू नये म्हणूनच तर..."

"मला दिसायला हवी होती, बाबा."

मग ती एकदम उठली. तिचा चेहरा बघून मास्तरांना चाळीस प्रवाशांची आठवण झाली. तिनेही थांब्यावर चहा घेतला होताच की! "सरका, सरका! मला पण जायचंय!" तिने किल्ली त्यांच्या हातात कोंबली. "गाडीवर लक्ष ठेवा!" आणि सुसाट पळाली. पंपावरच्या स्वच्छतागृहाबाहेर ही मोठी रांग होती. पण टोपीवाल्या गृहस्थांनी पुरुषांच्या रांगेतूनच हात उंचावून आरोळी ठोकली, "अहो बायांनो, आधी ड्रायव्हरला जाऊ द्या!" आणि बायकांच्या रांगेने दुभंगून वाट दिली.

मास्तर रिकाम्या गाडीत उभे होते. हातात किल्ली, पोटात सुख, पँटची घडी जागच्या जागी. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग पिशवी सांभाळत ते हळूच ड्रायव्हरच्या सीटवर बसले, दोन्ही हात त्या भल्यामोठ्या चाकावर ठेवले, आणि मधलं बटण दाबलं.

पों!

दोन्ही रांगांनी दचकून मागे पाहिलं. आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून, आतून कुठूनतरी, लेकीचा आवाज आला,

"बाबा, हात लावू नका!"